वेग आहे, टप्पा नाही : तरुण वेगवान गोलंदाज घडवण्याच्या प्रश्नाचा आढावा

५ मे २०२२ रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर सनरायझर्स हैदराबादच्या उमरान मलिकने डावाच्या शेवटच्या षटकात ताशी १५७ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. आयपीएलच्या त्या मोसमातला तो तोवरचा सर्वांत वेगवान चेंडू होता. दिल्लीच्या रोव्हमन पॉवेलने त्यावर चौकार मारला, आणि उमरानच्या नावावर त्या दिवशी चार षटकांत ५२ धावा लागल्या, बळी एकही नाही. त्याच्या आठवडाभर आधी, २७ एप्रिलला, वानखेडेवर याच मुलाने गुजरात टायटन्सचे पाच फलंदाज २५ धावांत बाद केले होते आणि त्यांतल्या चौघांच्या यष्ट्या उडवल्या होत्या.

हैदराबाद शहराचा दुसरा वेगवान गोलंदाज मोहम्मद सिराज. नोव्हेंबर २०१७ मध्ये राजकोटला न्यूझीलंडविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटी सामना खेळताना त्याने चार षटकांत ५३ धावा दिल्या. जानेवारी २०१९ मध्ये ॲडलेडला पहिल्या एकदिवसीय सामन्यात ७६ धावा दिल्या, बळी नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बेंगळुरूला कोलकात्याविरुद्ध दोन वेळा कमरेच्या वर फुलटॉस गेल्यामुळे पंचांनी त्याची गोलंदाजी थांबवली. ऑगस्ट २०२५ मध्ये मात्र ओव्हल कसोटीच्या पाचव्या दिवशी भारताने सहा धावांनी सामना जिंकला, तेव्हा शेवटचा बळी सिराजचा होता. त्या मालिकेत तो पाचही कसोट्या खेळला आणि त्याने २३ बळी घेतले.

दोघांच्याही हातात वेग होता आणि सुरुवातीला दोघांचाही चेंडू मनासारखा पडत नव्हता. सिराज स्थिरावला. उमरानचा जुलै २०२३ नंतर २०२५ संपेपर्यंत भारतीय संघात पुन्हा विचार झाला नाही. वेगवान पण स्वैर अशा मुलाचे काय करावे, या प्रश्नावर क्रिकेटमध्ये आणि त्याहून अधिक अमेरिकी बेसबॉलमध्ये साठ-सत्तर वर्षे वाद चालू आहे. त्या वादाची सध्याची स्थिती काय, हे पाहण्यासाठी हैदराबाद-सिकंदराबाद ही चांगली जागा आहे.

पार्श्वभूमी : फिरकीच्या गावात वेग

हैदराबादची ओळख फिरकीची. गुलाम अहमद, शिवलाल यादव, अर्शद अयुब, वेंकटपती राजू, प्रग्यान ओझा ही नामावळ वाचली की इथल्या मैदानांचा स्वभाव कळतो. वेगवान गोलंदाज अधूनमधून येत. देवराज गोविंदराज १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही दौऱ्यांवर गेला आणि एकही कसोटी न खेळता परतला.

वेगाची उणीव भारतीय क्रिकेट मंडळाला तेव्हाही जाणवत होती. १९६२-६३ च्या मोसमात मंडळाने वेस्ट इंडीजहून चार वेगवान गोलंदाज बोलावले, ते भारतीय फलंदाजांना वेगाची सवय व्हावी म्हणून. चार्ली स्टेअर्स मुंबईला, लेस्टर किंग बंगालला, चेस्टर वॉटसन दिल्लीला आणि रॉय गिलख्रिस्ट हैदराबादला आला. १९५८-५९ च्या भारत दौऱ्यात २६ बळी घेणारा आणि त्याच दौऱ्यातून बेशिस्तीबद्दल घरी पाठवलेला हाच गिलख्रिस्ट. रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यात बंगालच्या पंकज रॉयने त्याच्यासमोर दोन्ही डावांत शतके ठोकली. फलंदाजांना धडे मिळाले, पण या योजनेतून स्थानिक वेगवान गोलंदाज तयार होणार नव्हते आणि तसा तिचा हेतूही नव्हता.

ज्या मालिकेत गिलख्रिस्ट गाजला, तिच्याच शेवटच्या कसोटीत दिल्लीला मुंबईच्या रमाकांत देसाईने पदार्पण केले. १९ वर्षांच्या आणि अंगाने लहानखुऱ्या या मुलाकडून ४९ षटके टाकून घेतली गेली. त्याने चार बळी घेतले, कौतुकही झाले. आजचा कोणताही फिजिओ हा आकडा ऐकून हादरेल. वेगवान गोलंदाज दुर्मीळ होता म्हणून त्याला जपायला हवे, असे त्या काळी कोणी म्हणत नव्हते. दुर्मीळ होता म्हणूनच त्याला राबवले जात होते.

पद्धतशीर प्रयत्न सुरू झाला तो १९८७ मध्ये, चेन्नईत डेनिस लिलीच्या मार्गदर्शनाखाली एमआरएफ पेस फाउंडेशन उभे राहिले तेव्हा. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान तिथूनच पुढे आला. पुढे बेंगळुरूची राष्ट्रीय क्रिकेट अकादमी झाली, २००८ पासून आयपीएल आली, आणि स्पीडगनचा आकडा घरोघरच्या पडद्यावर दिसू लागला. या आकड्याने निवडीचे निकष बदलले. पूर्वी मुलगा जिल्ह्यातून राज्यात आणि राज्यातून देशात जाई. आता नेटमध्ये टाकलेला एक चेंडू त्याला थेट लिलावात नेऊ शकतो. उमरान २०२१ मध्ये सनरायझर्सकडे नेट गोलंदाज म्हणून आला होता. टी. नटराजनला कोरोना झाला म्हणून त्याला संघात घेतले गेले, आणि ३ ऑक्टोबरला तो दुबईत पहिला सामना खेळला.

एका अंशाची गोष्ट

या वादात ‘त्याने फक्त जागेवर चेंडू टाकावा’ हे वाक्य फार सहज उच्चारले जाते. ते किती अवघड आहे, हे साध्या हिशेबाने कळते. गोलंदाजाच्या हातातून चेंडू सुमारे २ मीटर उंचीवरून सुटतो असे धरू. ताशी १४५ किलोमीटरच्या वेगात सुटण्याच्या कोनात एका अंशाचा फरक पडला, तर टप्पा सव्वा मीटरच्या आसपास पुढेमागे सरकतो. गुडलेंथचा चेंडू तेवढ्यात हाफव्हॉली होतो. आडव्या दिशेत एक अंश चुकला, तर फलंदाजापर्यंत चेंडू सुमारे ३० सेंटीमीटर भरकटतो. तिन्ही यष्ट्यांची मिळून रुंदी २३ सेंटीमीटरसुद्धा नाही. हे सगळे धावत येऊन, एका पायावर शरीराच्या कित्येक पट भार झेलत आणि सरळ हाताने साधायचे असते.

बेसबॉलचा पिचर, म्हणजे तिथला गोलंदाज, धावत येत नाही. तो १८.४४ मीटरवरून कोपर वाकवून फेकतो आणि चेंडूला टप्पाही पाडायचा नसतो. तरीही त्या खेळात वेगवान मुलांचे चेंडू पुष्कळदा फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर जातात. म्हणजे वेग आणि अचूकता यांची ओढाताण एका खेळापुरती नाही.

वेग कुठून येतो, याबद्दल बऱ्यापैकी एकमत आहे. लॉफबरो विद्यापीठातल्या वर्दिंग्टन, किंग आणि रॅन्सन यांचा २०१३ चा अभ्यास वारंवार उद्धृत होतो. धाव जलद असणे, चेंडू सोडताना पुढचा गुडघा ताठ राहणे, धड पुढे झुकणे आणि हात उशिरा येणे, या चार गोष्टींनी गोलंदाजांच्या वेगातला बराचसा फरक उलगडतो असे त्यात आढळले. अचूकता कुठून येते, याचे एवढे नेमके उत्तर मात्र कोणाकडे नाही. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नश्टाइन याने १९२० च्या दशकात हातोडा मारणाऱ्या कुशल कामगारांच्या हालचाली टिपल्या. प्रत्येक घावाला खांदा-कोपर वेगळे हलत होते, तरी हातोड्याचे टोक त्याच जागी पडत होते. हे गोलंदाजीला लागू असेल, तर ‘रोज तीच ॲक्शन घोटून घ्या’ हा आपल्या मैदानांवरचा जुना उपदेश निदान अपुरा ठरतो.

पहिली भूमिका : वेगाला हात लावू नका

या बाजूचे म्हणणे असे की वेग ही देणगी आहे, आणि टप्पा मागाहून शिकवता येतो. नियंत्रणाच्या नादात मुलाला हळू टाकायला लावले, तर टप्पा सुधारण्याआधी वेग जातो आणि गेलेला वेग परत येत नाही. आपल्याकडे मुनाफ पटेलचे उदाहरण दिले जाते. गुजरातेतल्या इखर गावचा हा मुलगा केवळ वेगाच्या बळावर एमआरएफपर्यंत गेला, २००६ मध्ये मोहालीच्या पदार्पणात त्याने सात बळी घेतले, आणि २०११ चा विश्वचषक तो जिंकला तेव्हा तो शिस्तबद्ध मध्यमगती गोलंदाज झाला होता. त्याच्या बाबतीत कारणांमध्ये दुखापतींचाही वाटा होता, हे या उदाहरणासोबत सांगितले पाहिजे. आणि विश्वचषक जिंकून देणाऱ्या बदलाला नुकसान म्हणावे का, हेही विचारले पाहिजे.

बेसबॉलमधून या बाजूला रँडी जॉन्सन मिळतो. हा सहा फूट दहा इंच उंचीचा डावखुरा पिचर १९९० ते १९९२ अशी सलग तीन वर्षे आपल्या लीगमध्ये सर्वाधिक ‘वॉक’ देत होता, म्हणजे चौकटीबाहेरच्या चेंडूंमुळे फलंदाजांना फुकट पहिला तळ देत होता. १९९२ मध्ये नोलन रायन आणि प्रशिक्षक टॉम हाउस यांनी त्याला एकच गोष्ट दाखवली. त्याचा पुढचा पाय टाचेवर पडत होता आणि त्यामुळे शरीर बाजूला फिरत होते. पाय पुढच्या भागावर टेकू लागला, आणि १९९३ मध्ये वॉक १४४ वरून ९९ वर आले, बाद केलेले फलंदाज ३०८ झाले. वेग शाबूत राहिला.

याच टॉम हाउसकडे २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू पाठवले गेले होते. एका स्पर्धेतून निवडलेल्या या मुलांनी त्याआधी बेसबॉल हातातही धरला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करारबद्ध केले. दिनेश दोन वर्षांत परतला, रिंकू खालच्या साखळीत काही वर्षे टिकला. हातातला जोर लवकर सापडतो आणि खेळ अंगात मुरायला वर्षे लागतात, हे या प्रयोगात स्पष्ट दिसले.

दुसरी भूमिका : आधी टप्पा

दुसरी बाजू म्हणते, ताशी १५० चा चेंडू चुकीच्या जागी पडला तर तो फलंदाजाचेच काम सोपे करतो. बॅटची कड लागली तरी चौकार जातो. तेव्हा पाच किलोमीटर कमी करा आणि सहापैकी पाच चेंडू एका जागी टाका.

या बाजूचा सर्वांत मोठा साक्षीदार सँडी कोफॅक्स. डॉजर्स संघाचा हा डावखुरा पिचर पहिल्या सहा मोसमांत ३६ सामने जिंकला, ४० हरला. १९६१ च्या वसंत शिबिरात झेलकरी नॉर्म शेरीने त्याला सांगितले की एवढा जोर लावू नकोस. कोफॅक्सने ऐकले, आणि जोर कमी करूनही चेंडू जवळजवळ तितकाच वेगाने जातो हे दोघांच्या लक्षात आले. पुढच्या सहा वर्षांत तो त्या खेळातला सर्वश्रेष्ठ पिचर ठरला.

आपल्याकडे झहीरची दुसरी खेळी याच बाजूची आहे. भारतीय संघातून वगळल्यावर तो २००६ मध्ये वूस्टरशायरकडून खेळला, त्याने धाव आखूड केली आणि त्या एका कौंटी मोसमात ७८ बळी घेतले. सिराजने पुढे शिवण किंचित डगमगत ठेवणारा, टप्पा पडल्यावर कुठेही वळू शकणारा चेंडू आपले मुख्य हत्यार केले. तोही वेगाच्या आकड्यामागे धावणे सोडण्याचाच प्रकार होता.

मात्र या दोन भूमिका वाटतात तेवढ्या परस्परविरोधी नाहीत. कोफॅक्सला हळू टाकायला सांगितले नव्हते, ताण सोडायला सांगितले होते. जॉन्सनचे तंत्र पुन्हा रचले नव्हते, फक्त एका पायाचे टेकणे बदलले होते. यश मिळालेल्या बहुतेक घटनांत बदल लहान होता, एकच होता आणि ज्याच्यावर खेळाडूचा विश्वास होता अशा माणसाने तो सुचवला होता. अपयशाची उदाहरणे चाळली की पुष्कळदा चार प्रशिक्षक आणि चार सल्ले आढळतात.

बेसबॉलमधल्या स्टीव्ह डाल्कोव्स्की या वेगवान पिचरची कथा याच जातीची आहे. १९६० मध्ये खालच्या साखळीत १७० डावांत त्याने २६२ फलंदाज बाद केले आणि बरोबर २६२ वॉक दिले. अनेक प्रशिक्षकांनी अनेक उपाय केले. १९६२ मध्ये त्याच्या संघाचा व्यवस्थापक अर्ल वीव्हर याने त्याला फक्त दोन प्रकारचे चेंडू टाकायला सांगितले, तेव्हा कुठे तो आवाक्यात येऊ लागला. पुढच्याच वसंतात त्याचे कोपर गेले. मुख्य लीगमध्ये तो एकही सामना खेळला नाही.

तिसरी भूमिका : हाडे आधी

गेल्या तीस वर्षांत वैद्यकीय बाजूचा आवाज सर्वांत मोठा झाला आहे, आणि तो योग्यच आहे. कोवळ्या वयात कमरेच्या मणक्याचे हाड पुरते पक्के झालेले नसते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या संशोधनाने दाखवले की कंबर एका दिशेला आणि खांदे दुसऱ्या दिशेला ठेवणाऱ्या मिश्र ॲक्शनमध्ये मणक्याच्या दुखापतीचा धोका अधिक असतो. त्यातून वयानुसार षटकांच्या मर्यादा आल्या. इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालच्या मुलाला एका सलग स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहा षटकांची मर्यादा आहे. अमेरिकी बेसबॉलच्या मार्गदर्शक सूत्रांत १३-१४ वर्षांच्या पिचरला दिवसाला ९५ चेंडूंवर थांबवले जाते.

वेग वाढवण्याचे नवे उपायही याच कसोटीवर तपासले जात आहेत. जड चेंडूंनी सराव केला की वेग वाढतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शालेय पिचरांवर दिसले. सरासरी वाढ तीन टक्क्यांहून थोडी अधिक होती, आणि त्या गटातल्या जवळपास एक चतुर्थांश मुलांना कोपराच्या दुखापती झाल्या. आपल्याकडे जड चेंडूंचे प्रयोग अनेक खासगी अकादम्यांत पोहोचले आहेत, आणि तिथे हा दुसरा आकडा भिंतीवर लावायला हवा असे मला तळमळीने वाटते.

मयंक यादव हे या बाजूचे ताजे उदाहरण. २०२४ च्या आयपीएलमध्ये त्याने १५६.७ चा चेंडू टाकला आणि पहिल्या दोन्ही सामन्यांत सामनावीर ठरला. त्यानंतर कूस, पाठ, शस्त्रक्रिया असा क्रम सुरू झाला.

पण किती भार कमी म्हणजे पुरेसा, यावर एकवाक्यता नाही. अलीकडच्या आठवड्याचा भार आणि मागच्या महिन्याची सरासरी यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत दहा वर्षांपूर्वी सर्वत्र रुजली. पुढे तिच्या गणितावरच आक्षेप आले. फार कमी गोलंदाजी करणाऱ्यालाही अचानक भार पडला की दुखापत होते, एवढे मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे.

चौथी भूमिका : षटके कुठे टाकायची

मला सर्वांत कळीचा वाटणारा मुद्दा चर्चेत सर्वांत कमी येतो. तंत्र, वेग आणि भार यांवर भरपूर बोलले जाते. चुकण्याची मुभा देणारी सामन्यातली षटके मुलाला कुठे मिळतात, हे फारसे विचारले जात नाही.

सिराजचा रस्ता पाहा. रिक्षाचालकाचा हा मुलगा टेनिस बॉलवर वाढला आणि २०१५ च्या सुमारास लेदर बॉलकडे वळला. त्याच वर्षी त्याचे रणजी पदार्पण झाले. २०१६-१७ मध्ये भरत अरुण हैदराबादचे प्रशिक्षक असताना त्याने ४१ बळी घेतले. मग लिलावात त्याला २ कोटी ६० लाख मिळाले, आणि आयपीएलमध्ये त्याची धुलाई होत असतानाही लाल चेंडूचे क्रिकेट चालू राहिले. २०१८ मध्ये भारत ‘अ’ कडून दक्षिण आफ्रिका ‘अ’ विरुद्ध सामन्यात दहा बळी, ऑस्ट्रेलिया ‘अ’ विरुद्ध एका डावात ५९ धावांत आठ. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला कसोटी टोपी मिळाली तेव्हा त्याच्या खात्यावर दीडशेच्या आसपास प्रथमश्रेणी बळी होते. टी-ट्वेंटीत मार खाल्ल्यावर परतायला त्याच्याजवळ एक जागा होती.

आपल्या विदर्भाचा उमेश यादव असाच. खापरखेड्याच्या कोळसा खाणकामगाराचा हा मुलगा टेनिस बॉलवरून २००८ मध्ये थेट रणजीत आला, तोही स्वैर म्हणून हिणवला गेला, आणि सुब्रतो बॅनर्जी या एकाच गुरूकडे पुन्हा पुन्हा जात राहिला. ५७ कसोटींत १७० बळी ही त्याची कमाई.

उमरानच्या बाबतीत क्रम उलटा झाला. जम्मूच्या या मुलाचा पहिला प्रथमश्रेणी सामना नोव्हेंबर २०२१ मध्ये झाला, आयपीएल पदार्पणानंतर. २०२२ मध्ये त्याने १४ सामन्यांत २२ बळी घेतले. डेल स्टेनसारखा गुरू सोबत होता. त्याच जूनमध्ये तो भारताकडून खेळला. २०२३ च्या आयपीएलमध्ये आठ सामन्यांत पाच बळी, षटकामागे जवळपास अकरा धावा. २०२४ मध्ये एक सामना, त्यात एक षटक. गोलंदाजी सुधारण्याची गरज सर्वाधिक होती, नेमकी तेव्हाच सामन्यातली षटके आटली.

बेसबॉलमध्ये हाच प्रसंग नियमाने ओढवला होता. कोफॅक्सला मोठी रक्कम देऊन घेतले गेले, आणि त्या काळच्या नियमानुसार अशा खेळाडूला दोन वर्षे मुख्य संघातच ठेवणे बंधनकारक होते. खालच्या साखळीत जाऊन शिकण्याची वाट बंद झाली आणि तो बाकावर बसून राहिला. पुढे तो नियम गेला. आयपीएलमध्ये असा नियम नाही, पण पैसा, प्रसिद्धी आणि वेळापत्रक मिळून परिणाम तोच घडवतात.

याला उत्तर देणारी बाजूही आहे, आणि ती दुर्लक्षण्यासारखी नाही. आयपीएल नसती तर जम्मूच्या गुज्जर नगरातला मुलगा देशाला कळला असता का? रणजीच्या संथ खेळपट्ट्यांवर १५० च्या वेगाला दाद कोण देते? शिवाय वेगवान गोलंदाजाची उमेदीची वर्षे थोडी असतात. त्याने ती चार दिवसांच्या सामन्यांत झिजवावीत, हे घरची परिस्थिती माहीत असताना त्याला सांगणे सोपे नाही.

अनिर्णित राहिलेले

पहिला प्रश्न मालकीचा. एका मुलाची आयपीएल संघ, राज्य संघटना आणि बेंगळुरूचे राष्ट्रीय क्रिकेट केंद्र अशी तीन मंडळी वाटून काळजी घेतात. त्याच्या ॲक्शनचे चित्रण एकाकडे, दुखापतीची नोंद दुसऱ्याकडे आणि षटकांचा हिशेब तिसऱ्याकडे, असे झाले तर निर्णय कोणाचा?

दुसरा प्रश्न मापनाचा. पडद्यावर सर्वाधिक वेग दिसतो. सरासरी वेग, तिसऱ्या स्पेलमध्ये टिकलेला वेग, टप्प्याचा विस्तार हे आकडे संघांच्या संगणकांत राहतात. अभ्यासकांना ते मिळेपर्यंत पहिल्या दोन भूमिकांमधला वाद किश्शांवरच चालेल, आणि या लेखातली बरीचशी उदाहरणेही किस्सेच आहेत. ज्यांचे काहीच झाले नाही त्या मुलांची नोंद कोणी ठेवलेली नाही.

तिसरा प्रश्न खालच्या पायरीचा. सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर रणजीचे सामने झाले आहेत, आणि हैदराबाद संघटनेच्या साखळीत अनेक दिवसांचे सामने खेळले जातात. पण संघटनेचा कारभार इतका विस्कटला की फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव यांची एकसदस्य समिती नेमावी लागली. टेनिस बॉलवर ताशी १४० ने टाकणारा अठरा वर्षांचा पुढचा मुलगा याच साखळीत शिकणार आहे. शनिवारी क्लबसाठी, रविवारी टेनिस बॉलच्या बक्षिसासाठी आणि अधल्यामधल्या संध्याकाळी अकादमीत त्याने टाकलेले चेंडू आज कोणी एकत्र मोजत नाही.

जुलै २०२५ मध्ये सनरायझर्सने वरुण ॲरनला गोलंदाजी प्रशिक्षक नेमले. २०११ च्या विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात १५३ च्या वेगाने टाकून तो देशाला कळला आणि पाठीच्या वारंवार झालेल्या दुखापतींमुळे नऊ कसोटींवर थांबला. या आढाव्यातल्या चारही भूमिका त्याने स्वतःच्या शरीरावर अनुभवल्या आहेत. उन्हाळ्यातले दोन महिने वेगवान मुले त्याच्याकडे असतील. उरलेल्या दहा महिन्यांत ती कुठे, किती आणि कोणत्या चेंडूने गोलंदाजी करतील, हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या पदाला नाही.